अंगणाची फरसबंदी ठेकेदाराला देताना फरशीखालचे काम आधी ठरवा

घरापुढच्या किंवा मागच्या मोकळ्या जागेत फरशी घालून घेणे, कडेला बसण्यासाठी ओटा बांधणे आणि उन्हाच्या बाजूला एखादा मांडव उभारणे, हे काम बोलण्यात अगदी लहान वाटते. घर बांधताना वास्तुविशारद, अभियंता, महापालिकेचा बांधकाम परवाना आणि कर्ज देणाऱ्या बँकेचे मूल्यांकन अशा अनेकांची नजर कामावर असते. अंगणाच्या कामावर मात्र घरमालक आणि ठेकेदार या दोघांखेरीज कोणाचेच लक्ष नसते, आणि त्या दोघांपैकी बहुधा एकालाच त्यातले कळत असते. बोलणे 'चौरस फुटाला किती घेणार' या एका प्रश्नावर सुरू होऊन तिथेच संपते. दर ठरतो, पण त्या दरात काय काय येते हे ठरत नाही. आणि पहिल्या पावसाळ्यानंतर फरशी खचली, पाणी दाराकडे वळले किंवा सांधे उकलले की दोघेही आपापल्या आठवणीतला करार सांगू लागतात.

सोलापुरात या कामाचे यश तीन गोष्टींवर ठरते: खालची काळी माती, उन्हाळ्यातले तापमान आणि पाण्याची उपलब्धता. या तिन्हींचा संबंध फरशीच्या रंगाशी वा चकाकीशी नाही. तो फरशीखाली गाडल्या जाणाऱ्या थरांशी आहे. म्हणून ठेकेदाराशी करार करताना वरून खाली न येता तळापासून वर जावे, आणि प्रत्येक थर झाकला जाण्याआधी तो पाहून मगच त्याचे पैसे द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढचे सर्व विवेचन त्याच क्रमाने केले आहे.

काळी माती काय करते

दख्खनच्या बेसाल्ट खडकाची झीज होऊन बनलेली आपल्याकडची काळी माती कापसाला आणि ज्वारीला जितकी चांगली, तितकीच बांधकामाला त्रासदायक आहे. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकणमातीचे खनिज असते. या खनिजाच्या अतिसूक्ष्म पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते एकमेकांपासून दूर सरकतात आणि माती फुगते. पाणी निघून गेले की माती आकसते. मे महिन्यात रिकाम्या प्लॉटवर हात जाईल एवढ्या भेगा दिसतात, त्या याच आकसण्याच्या खुणा होत.

अशा मातीवर थेट फरशी घातली तर ती एकसारखी वर-खाली होत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. सगळे अंगण एकदम अर्धा इंच उचलले गेले असते तर फारसे बिघडले नसते. पण पावसाचे पाणी आधी कडेने मुरते, त्यामुळे कडा उचलल्या जातात आणि मधला भाग तसाच राहतो. उन्हाळ्यात उलट कडा लवकर वाळून खाली बसतात. त्यात एखाद्या कोपऱ्यात गळका नळ असेल, कुंड्यांना रोज पाणी घातले जात असेल किंवा जवळच मोठे झाड मुळांनी ओलावा शोषत असेल, तर त्या कोपऱ्याची हालचाल बाकीच्यांपेक्षा वेगळी होते. फरशी आणि काँक्रीट दाब सहन करतात, वाकणे सहन करत नाहीत. म्हणून तडे पडतात.

सोलापूर शहरात काळ्या मातीची खोली सर्वत्र सारखी नाही. काही ठिकाणी दीड-दोन फुटांवरच मुरूम लागतो, तर काही ठिकाणी बरेच खोल गेले तरी काळीच माती निघते. शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबू नये. दर विचारण्याच्या आधीच आपल्या जागेत दोन फूट लांब, दोन फूट रुंद आणि शक्य तितका खोल असा एक खड्डा बिगाऱ्याकडून खणून घ्यावा आणि येणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराला तो दाखवावा. अर्ध्या दिवसाच्या मजुरीत हे होते. खड्डा पाहून जो ठेकेदार खोदाईची आणि भरावाची खोली स्वतःहून बोलू लागतो, त्याला काम कळते असे समजायला हरकत नाही. जो खड्ड्याकडे न पाहताच फरशीचे नमुने पुढे करतो, त्याच्याशी पुढचे बोलणे सावधपणे करावे.

या मातीवर उपाय काय, तर शक्य तितकी काळी माती काढून त्या जागी मुरूम भरणे. मुंबईच्या आयआयटीतील प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी काळ्या मातीवरील कालवे आणि बांधकामे यांसाठी न फुगणाऱ्या पण चिकटून राहणाऱ्या मातीचा थर देण्याची पद्धत विकसित केली. त्या पद्धतीत थराची जाडी मीटरभराच्या घरात जाते. घराच्या अंगणासाठी एवढा खर्च कोणी करत नाही, आणि करावा असेही नाही. एक फूट माती काढून तेवढा मुरूम नीट दाबून भरला, तर हालचाल पूर्णपणे थांबत नाही, पण ती कमी होते आणि बरीचशी समान होते. म्हणून 'एक भेगसुद्धा पडणार नाही' अशी हमी देणाऱ्यापेक्षा 'भेगा कुठे पडाव्यात ते आपण ठरवू' असे म्हणून सांधे आखून देणारा ठेकेदार अधिक विश्वासार्ह असतो.

भराव करताना मुरूम एकदम फूटभर ओतून वरून पाणी सोडणे ही नेहमीची चलाखी आहे. तो वरून घट्ट दिसतो, आतून पोकळ राहतो आणि वर्षभरात बसतो. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत पसरावा, प्रत्येक थराला बेताचे पाणी मारावे आणि धुमसाने किंवा भाड्याने मिळणाऱ्या कॉम्पॅक्टर यंत्राने तो दाबावा. करारात 'मुरूम भरणे' एवढेच न लिहिता 'सहा इंचांच्या दोन थरांत, पाणी मारून, यंत्राने दाबून' असे लिहिले, तर त्या आठ-नऊ शब्दांची किंमत पुढे कळते. भरावातला मुरूम म्हणून कोणी पांढरट माती किंवा जुन्या बांधकामाचा राडारोडा आणून टाकत नाही ना, हेही गाडी रिकामी होण्यापूर्वीच पाहावे. मुरूम, वाळू आणि खडी ही गौण खनिजे असल्याने त्यांच्या वाहतुकीचा परवाना पुरवठादाराकडे असायला हवा. तो नसेल आणि गाडी अडवली गेली, तर काम आपलेच रखडते.

हिशेब एकदा स्वतः मांडून पाहावा

आपल्याकडे बांधकामाचा माल ब्रासवर मोजला जातो, आणि या मापाबद्दल घरमालकांचा गोंधळ कायमचा आहे. माल मोजताना १ ब्रास म्हणजे १०० घनफूट. फरशी, गिलावा यांसारखे काम मोजताना मात्र १ ब्रास म्हणजे १०० चौरस फूट. दोन्ही अर्थ एकाच संभाषणात येऊ शकतात, म्हणून आपण फुटांत बोलावे.

समजा, अंगण २० फूट लांब आणि १५ फूट रुंद आहे, म्हणजे ३०० चौरस फूट. एक फूट खोल खोदाई केली तर ३०० घनफूट, म्हणजे ३ ब्रास माती निघेल. निघालेली माती सुटी झाल्यावर आणखी फुगते, आणि ती कुठे टाकायची व वाहतूक कोणाच्या खर्चाने करायची, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो. तेवढ्याच जागेत दाबून भरण्यासाठी सुटा मुरूम जवळपास ४ ब्रास लागतो, कारण दाबल्यावर तो बसतो. त्यावर चार इंच जाडीचे काँक्रीट करायचे, तर ३०० चौरस फुटांना १०० घनफूट, म्हणजे बरोबर १ ब्रास काँक्रीट लागेल.

दोन ठेकेदारांच्या दरांत मोठा फरक का पडतो, त्याचे रहस्य या एका ब्रासमध्ये आहे. एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू आणि चार भाग खडी या प्रमाणाने चार इंचांचा थर केला, तर ५० किलोची सुमारे १८ पोती सिमेंट लागते. एकास तीन आणि सहा हे प्रमाण घेऊन जाडी चारऐवजी तीन इंच केली, तर तेच अंगण ९ ते १० पोत्यांत उरकते. वरून फरशी बसल्यावर दोन्ही कामे हुबेहूब सारखी दिसतात. स्वस्त दर सांगणारा लबाडच असतो असे नाही. आपण प्रमाण आणि जाडी सांगितली नाही, तर त्याने आपल्या सोयीचे प्रमाण धरले, एवढेच. म्हणून तिघांकडून दर मागवायचे असतील, तर तिघांनाही तीच खोदाई, तीच जाडी, तेच प्रमाण आणि तीच फरशी लिहून द्यावी. नाहीतर आपण तीन वेगवेगळ्या कामांच्या किमतींची तुलना करत बसतो.

माल आपण आणायचा ठरल्यास गाडीचे मापही स्वतः घ्यावे. १० फूट लांब आणि ६ फूट रुंद ट्रॉलीत १ ब्रास माल भरण्यासाठी तो सगळीकडे सारखा २० इंच उंचीपर्यंत असावा लागतो. मधोमध उंच ढीग आणि कडेला रिकामी जागा असली की डोळ्यांना ब्रास दिसतो, टेपला दिसत नाही.

सिमेंटच्या पोत्यावर भारतीय मानक चिन्ह आणि उत्पादनाचा आठवडा व वर्ष छापलेले असते. तीन महिन्यांहून जुने सिमेंट हवेतल्या दमटपणाने ताकद गमावू लागते. होटगीच्या बाजूला सिमेंटचे कारखाने असल्याने आपल्याकडे ताजे सिमेंट मिळणे अवघड नाही. जुनी पोती खपवून घेण्याचे काही कारण नाही.

उक्ते, हजेरी की मजुरी दर

काम देण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत. पहिली उक्ते देण्याची: मालासह सगळे काम ठरलेल्या एका रकमेत. दुसरी मजुरी दराची: माल आपला, मजुरी चौरस फुटावर. तिसरी हजेरीची: गवंडी आणि बिगारी यांना रोजाप्रमाणे पैसे. उक्त्यात आपली धावपळ वाचते, पण माल कमी वापरण्याकडे ठेकेदाराचा कल राहतो. हजेरीत माल पूर्ण पडतो, पण काम लांबते. मजुरी दरात गवंड्याला काम लवकर उरकण्यात रस असतो, मालाची बचत करण्यात नसतो; कारण माल आपला असतो. ज्या घरात दिवसा कोणी ना कोणी कामाजवळ थांबू शकते, त्या घराने अंगणासारख्या कामासाठी मजुरी दराची पद्धत घ्यावी, असे मला वाटते. दोघेही नोकरीला जाणारे असतील तर उक्तेच बरे. मात्र मग थर तपासण्याचे दिवस आधी ठरवून घ्यावेत.

हजेरीच्या पद्धतीत आणखी एक फरक आहे, तो सहसा कोणी सांगत नाही. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये सेवेच्या व्याख्येत घरबांधणीचा समावेश आहे, पण वैयक्तिक सेवेचा करार त्यातून वगळला आहे. आपल्या हुकमाखाली रोजावर राबणाऱ्या गवंड्याविरुद्ध ग्राहक आयोगात जाणे म्हणूनच कठीण ठरते. ठरलेले काम स्वतःच्या जबाबदारीवर करून देणाऱ्या ठेकेदाराविरुद्ध तसे नसते.

ठेकेदार शोधताना नव्याकोऱ्या कामांची छायाचित्रे पाहून काही कळत नाही. कालच पुसून चकचकीत केलेली फरशी सगळ्यांचीच चांगली दिसते. किमान दोन पावसाळे पाहिलेले काम दाखवायला सांगावे आणि जमल्यास त्या घरच्या माणसांशी ठेकेदाराच्या माघारी बोलावे. तिथे गेल्यावर काठीने किंवा किल्लीने फरशीवर ठिकठिकाणी ठोकून पाहावे. खाली माल पोहोचला नसेल तिथे आवाज पोकळ येतो. पाणी साचत असलेल्या जागी पांढरट किंवा हिरवट वलये उमटलेली असतात. भिंतीला लागून आणि खांबाच्या बुडाशी तडे आहेत का, हे पाहिले की भरावाची जात समजते. इमारती मालाचे दुकानदारही नावे सुचवतात; त्यांचे हितसंबंध त्यात असू शकतात, पण कोणता ठेकेदार उधारी वेळेवर फेडतो हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते, आणि उधारीत बुडालेला ठेकेदार आपली उचल दुसऱ्याच्या कामावर खर्च करतो.

फरशी, ब्लॉक आणि लाकूड

वरच्या थराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण दुकानात याच विषयावर सर्वांत जास्त बोलले जाते. सोलापूरकरांना शहाबादी फरशी जवळची, कारण कलबुर्गीच्या पुढचे शहाबाद आपल्या रेल्वेमार्गावरच आहे. हा चुनखडीचा दगड आहे. म्हणून शौचालय धुण्याचे ॲसिड, लिंबू किंवा चिंचेचे पाणी त्यावर सांडले की डाग पडतात आणि पृष्ठभाग खडबडीत होतो. कडप्पा आणि कोटा हेही चुनखडीचेच दगड असल्याने त्यांनाही हेच लागू पडते. अंगणासाठी पॉलिश केलेली फरशी घेऊ नये. पावसात ती घसरडी होते. दगडाची जाडी सव्वा ते दीड इंचापर्यंत सारखी असावी, आणि निवडलेला नमुना दोघांच्या सहीनिशी घरात जपून ठेवावा.

काळी माती फार खोल असेल तर मी पेव्हिंग ब्लॉककडे झुकेन. काँक्रीटवर चिकटवलेली फरशी जमीन हलली की तडकते. ब्लॉक मात्र बारीक कचेच्या थरावर सुटे बसवलेले असल्याने थोडे वर-खाली होतात, आणि जागा खचलीच तर तेवढेच ब्लॉक उचलून, खाली भर घालून परत बसवता येतात. चारचाकी उभी करायची असेल तर ६० मिलिमीटर जाडीचे ब्लॉक घ्यावेत. चारही बाजूंनी काँक्रीटमध्ये घट्ट बसवलेली कड हवी, नाहीतर कडेचे ब्लॉक सरकत जातात. ही कड दरात धरली आहे की नाही, हे आधी विचारावे. बहुतेक वेळा ती वेगळी मोजली जाते.

लाकडी फळ्यांची बैठक चित्रांत देखणी दिसते. आपल्या कोरड्या, तापलेल्या हवेत मात्र लाकूड आकसते, फाटते आणि दर वर्षी तेल मागते. जमिनीलगत असेल तर वाळवीचा धोका वेगळा. लाकूड आणि प्लास्टिक यांच्या मिश्रणाच्या फळ्यांना वाळवी लागत नाही, पण त्या उन्हाने प्रसरण पावतात, म्हणून त्यांच्यामध्ये आणि टोकांना फट ठेवावी लागते. शिवाय एप्रिल-मेमध्ये दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. गच्चीवर अशी बैठक करायची असेल तर आधी गच्चीचे जलरोधन तपासून घ्यावे आणि सांगाड्यासाठी स्लॅबला भोके पाडू देऊ नयेत.

ढाळ, सांधे आणि पाणी

अंगणाला ढाळ कुठल्या दिशेने द्यायचा, हे फरशी येण्यापूर्वी दोऱ्या बांधून निश्चित करावे. दर १० फुटांना दीड ते दोन इंच उतार पुरतो. आपल्या उदाहरणातल्या १५ फूट रुंदीत घरापासून कुंपणापर्यंत सुमारे अडीच इंचांचा फरक येईल. फरशीचा वरचा पृष्ठभाग घराच्या जोत्यापेक्षा किमान अर्धा फूट खाली राहायला हवा. खोदाईचे पैसे वाचवण्यासाठी जुन्या मातीवरच भराव करून फरशी घातली, तर हे अंतर संपते आणि सप्टेंबरच्या मोठ्या सरींचे पाणी थेट उंबऱ्याशी येते. जिल्हा कमी पावसाचा असला तरी जो पडतो तो पुष्कळदा थोड्या तासांत पडतो, हे विसरू नये. पाणी शेजाऱ्याच्या प्लॉटमध्ये जाणार नाही, गटाराच्या किंवा शोषखड्ड्याच्या दिशेनेच जाईल, एवढेही पाहावे.

घराची भिंत आणि अंगणाचे काँक्रीट यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची फट ठेवून ती लवचीक सीलंटने भरावी. घराचा पाया खोलवर असतो आणि अंगण उथळ. दोन्ही एकमेकांना चिकटवले तर अंगण हलताना भिंतीचा गिलावा ओढते. चार इंचांच्या काँक्रीटला दर आठ ते दहा फुटांवर सांधे द्यावेत आणि फरशीच्या ओळी त्या सांध्यांशी जुळवाव्यात. सांध्यावरून सलग फरशी घातली तर तडा फरशीतून जातोच. खोदाईपूर्वी नळाची वाहिनी, सांडपाण्याचे चेंबर आणि विजेची केबल कुठून जाते, ते दाखवून छायाचित्रे काढून ठेवावीत. चेंबरची झाकणे नव्या पातळीपर्यंत उचलण्याचा खर्च कोणाचा, हा वाद हमखास होतो.

आता क्युरिंग, म्हणजे पाणी मारणे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन घट्ट होते, आणि ही क्रिया अनेक दिवस चालते. पाणी उडून गेले की ती थांबते आणि काँक्रीट कच्चे राहते. काँक्रीटच्या भारतीय मानकाप्रमाणे कोरड्या आणि उष्ण हवेत किमान १० दिवस काँक्रीट ओले ठेवावे लागते; सध्या सर्रास मिळणाऱ्या फ्लाय ॲश (कोळशाची बारीक राख) मिसळलेल्या सिमेंटला १४ दिवस द्यावेत. सोलापुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि नळाला रोज पाणी येत नाही अशा वस्त्या कितीतरी आहेत. पाणी कोणी आणायचे, हा प्रश्न म्हणूनच करारातला महत्त्वाचा मुद्दा आहे. ठेकेदार पाणी 'मालकाकडून' धरतो, मालक ते 'कामात आलेच' असे धरतो, आणि दोघांच्या मध्ये काँक्रीट उन्हात पडून राहते. टँकर लागल्यास त्याचा खर्च कोणाचा, आणि सकाळ-संध्याकाळ पाणी मारणारा माणूस कोणाचा, हे लिहून ठेवावे. सपाट काँक्रीटवर मातीचे किंवा मालाचे छोटे बांध घालून वाफ्यासारखे पाणी अडवले, किंवा ओली गोणपाटे पसरली, तर पाणी बरेच कमी लागते. पाणी खारट असेल तर ते काँक्रीट कालवण्यासाठी वापरू नये.

यासाठी हंगाम निवडणे आपल्या हातात आहे. परतीचा पाऊस संपल्यावर ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला: माती फार ओली नसते, फार भेगाळलेलीही नसते, आणि काँक्रीट सावकाश घट्ट होते. अडचण माणसांची असते. याच काळात ऊसतोडीमुळे ग्रामीण भागातले मजूर कमी पडतात, आणि जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेच्या दिवसांत कामावर कोणी येईल अशी अपेक्षाच करू नये. करारात मुदत लिहिताना हे दिवस आधीच वजा करावेत. नंतर रागावण्यात अर्थ नाही.

करारपत्र आणि पैशाचे हप्ते

भारतीय करार अधिनियम, १८७२ प्रमाणे तोंडी करारही करारच असतो, पण तो सिद्ध करणे अवघड असते. एका पानाचे साधे करारपत्र पुरेसे आहे. मुद्रांकावर करायचे असेल तर अशा करारांसाठी महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो. भाषा कायदेशीर नसली तरी चालेल. आकडे मात्र हवेत. खोदाईची खोली, मुरमाचे थर, काँक्रीटचे प्रमाण आणि जाडी, फरशीचा प्रकार आणि जाडी, ढाळाची दिशा, पाण्याची व राडारोडा उचलण्याची जबाबदारी, मोजमाप कसे होणार, आणि वाढीव काम निघाल्यास त्याचा दर लेखी ठरल्याशिवाय ते सुरू होणार नाही, हे त्यात यावे. मोजमाप काम झाल्यावर दोघांनी मिळून टेप धरून करावे. फरशीची तूट आणि कटिंग दरात धरली आहे की वेगळी, हेही आताच विचारावे. ठेकेदार जीएसटीसाठी नोंदणीकृत असेल तर त्याचा क्रमांक असलेले बिल घ्यावे. नोंदणीच नसेल तर तो ग्राहकाकडून हा कर घेऊ शकत नाही.

पैसे देण्याचा क्रम थरांप्रमाणे लावावा. काम सुरू करताना इसार म्हणून एक दशांशाच्या आसपास रक्कम पुरे. खोदाई होऊन मुरूम दाबून झाला, तो आपण पायाने आणि पहारीने तपासला, की दुसरा हप्ता. काँक्रीट ओतण्याच्या दिवशी घरी कोणीतरी थांबावे, पोती मोजावीत आणि कडेला पट्टी लावून जाडी पाहावी; तिसरा हप्ता क्युरिंगचे दिवस पूर्ण झाल्यावर. फरशी आणि सांध्यांच्या दरजा भरून झाल्यावर चौथा. उरलेली पाच ते दहा टक्के रक्कम पहिला मोठा पाऊस होईपर्यंत राखून ठेवावी, आणि हे पहिल्याच बैठकीत सांगावे. ठेकेदार कुरकुरेल. त्याचेही बरोबर आहे, कारण पुष्कळ मालक राखलेली रक्कम पुढे देतच नाहीत. म्हणून ती देण्याची अट स्पष्ट असावी: बादल्यांनी किंवा पावसाने पाणी सोडल्यावर अर्ध्या तासात ते वाहून गेले, पोकळ आवाजाची फरशी राहिली नाही आणि कडा खचल्या नाहीत, तर अमुक तारखेपर्यंत रक्कम द्यायची. अट पूर्ण झाली की ठेकेदाराने आठवण करून देण्याची वाट न पाहता मालकाने पैसे चुकते करावेत. कामावरच्या गवंड्यांची मजुरी ठेकेदाराने थकवली नाही ना, याची हप्ता देताना चौकशी करावी. मजुरी थकली की काम अर्ध्यावर थांबते.

मांडवाच्या बाबतीत एक वेगळी सूचना. उघड्या फरसबंदीला सहसा कोणी हरकत घेत नाही. पण त्यावर पत्र्याचे किंवा स्लॅबचे कायमचे छत आले, आणि तेही कुंपण व घर यांच्यामधल्या सामासिक अंतरात, की महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ आणि डिसेंबर २०२० पासून लागू झालेली एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली यांचा संबंध येतो. 'सगळेच करतात' हे ठेकेदाराचे उत्तर नोटीस आल्यावर उपयोगी पडत नाही. नोटीस मालकाच्या नावाने येते. छत करायचेच असेल तर महापालिकेच्या बांधकाम परवाना विभागात किंवा परवानाधारक अभियंत्याकडे आधी विचारावे.

इतके करूनही वाद झालाच, तर प्रथम दोष, तारीख आणि छायाचित्रे यांसह लेखी पत्र द्यावे आणि दुरुस्तीसाठी वाजवी मुदत द्यावी. त्यानंतरचा मार्ग जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचा. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे चालते, ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क नाही, आणि वादाचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. ती ऑनलाइनही दाखल करता येते. तिथे आपल्या बाजूने बोलणार ते करारपत्र, बँकेतून दिलेले हप्ते आणि प्रत्येक थर झाकण्यापूर्वी टेप ठेवून काढलेली छायाचित्रे.

काम संपल्यावर उरलेल्या फरशा ठेकेदाराला परत नेऊ देऊ नयेत. त्याच खाणीतला दगडसुद्धा पुढच्या खेपेला वेगळ्या छटेचा येतो. दहा-बारा फरशा जिन्याखाली उभ्या ठेवल्या, तर पुढे नळाची वाहिनी दुरुस्त करताना चार फरशा फोडाव्या लागल्या तरी अंगणात ठिगळ दिसत नाही.